लांब उडीचा तास

चपला बाहेर काढून पोरं कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटर हॉलात मांडी घालून बसली. सीडी सुरू झाली, तसा पडद्यावर एक सांगाडा धावत आला आणि त्यानं लांब उडी मारली. माऊस दाबला की गुडघ्यावर किती जोर आला ते लाल बाण दाखवायचे. पण माऊसला हात लावायचा मान एकट्या खेळाच्या देवानंद सरांचा.

मागच्या वर्षी लांब उडीत विद्यापीठात पहिली आलेल्या कोरपना गावच्या पायलचं डोकं तापलं. वर्षभर तो मेला सांगाडाच उड्या मारत होता! ती ताडकन उठली.

"सर, आमाले कधी मारू देता उडी?"

"खाली बस, धूळ उडते!" सर खेकसले. "आन उडी मारायले वाळू लागते, इतकंबी कळत नाई?"

पायलनं चकचकीत फरशीवर टाच आपटली.

"हाये नं वाळू, इथीच खाली! आमचा खड्डा बुजवूनच तर हा हॉल बांधला तुमी!"