झेंडूची पेटी

"पप्पा, हिला तळ कुठाय?" एलिसाने विचारलं.

ॲन्सेल्मनी रंधा थांबवला. फणसाच्या चार फळ्या खिळे ठोकून चौकोनात उभ्या होत्या आणि आतून ओट्याची फरशी दिसत होती.

"नाही लागत," ते म्हणाले आणि पुन्हा फळीची कड तासू लागले.

एलिसा खाली पडलेला भुसा गोळा करू लागली. सासऱ्यांशी वाद घालायचा नाही, असं तिचं आणि सासूचं, बर्थाचं, ठरलेलं होतं. हृदय नाजूक आहे, धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि धक्का तर घरातच दडवून ठेवलेला. जूनमध्ये ॲन्सेल्मना झटका आला, तेव्हा निरोप मिळताच बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलेला मुलगा जेन्सन बाईक घेऊन इस्पितळाकडे धावला आणि चिंचोटीच्या नाक्यावर ट्रकखाली गेला. बाप अतिदक्षता विभागात आणि मुलगा मातीत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "जेन्सन कुठाय?" बर्था बोलून गेली, "बोटीवरून अचानक बोलावणं आलं. नोव्हेंबरात येईल."

एकदा बोललेलं खोटं मग आख्ख्या गावाला पाठ करावं लागलं. आपल्यासाठी धावताना पोर गेलं हे कळलं तर हा माणूस उभ्या उभ्या जाईल, असं बर्था म्हणायची.

तेव्हापासून एलिसा घरात रंगीत कपडे घाली. काळा ड्रेस मावशीकडे ठेवलेला. चर्चमध्ये मिस्साला जाताना तिथे बदलायचा, येताना पुन्हा फुलाफुलांचा चढवायचा. नवऱ्यासाठी रडायचं, तेसुद्धा विहिरीवरचा पंप चालू असताना. जिवाची नुसती घुसमट.

त्यात नोव्हेंबर तोंडावर आलेला. मृतांच्या दिवशी सगळा गाव कबरींपाशी जमतो, तेव्हा यांना घरी कसं थोपवायचं, याचा दोघींना घोर लागला होता.

महिनाभर पप्पांनी जेन्सनची चौकशी केली नव्हती. एलिसाला तेवढंच हायसं वाटलं होतं. संध्याकाळी ते जरा पाय मोकळे करायला जाऊ लागले आणि मग या पेटीचं खूळ डोक्यात शिरलं. पत्र्याच्या डब्यांत झेंडूची रोपं तयार झाली.

"जेन्सनला झेंडू आवडतो," ते म्हणाले. "नोव्हेंबर लागायच्या आत फुलला पाहिजे."

"वरच्या गॅलरीत ठेवायची ना?"

त्यांनी नुसता हुंकार दिला.

टेप त्यांना कधी पटलाच नाही. बांबूच्या काठीवर कोयत्याने खूण करायची, हेच त्यांचं माप. एलिसा ती काठी गुपचूप वर घेऊन गेली. गॅलरी संपली तरी खूण पुढेच होती.

"पप्पा, पेटी मावायची नाही तिथे."

"मावेल. मी स्वतः जाऊन माप घेतलंय."

एलिसाने जिन्याकडे पाहिलं. जिना चढायला त्यांना सक्त मनाई होती. चढले असतील तर कठीण, आणि नसतील चढले तर डोकंही साथ सोडत चाललंय म्हणायचं. त्या दिवशी पंप जरा जास्तच वेळ चालू राहिला.

शनिवारी चुलत दीर रोनाल्डने सातिवलीच्या गोदामातून प्लायवूडचा तुकडा आणून दिला. एलिसा तो घेऊन ओट्यावर आली. पेटी पूर्ण झाली होती, कडा हात फिरवावा इतक्या गुळगुळीत.

"पप्पा, हा तळ ठोकून घेऊ या. नाहीतर माती सगळी खाली जाईल."

ॲन्सेल्मनी हातोडी खाली ठेवली. तिच्या फुलाफुलांच्या ड्रेसकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"बर्था कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत. रोझरी म्हणतायत."

त्यांनी मान हलवली. प्लायवूड तिच्या हातातून काढून भिंतीला टेकवलं.

"तळ ठोकला, तर मुळं जेन्सनपर्यंत पोचायची कशी, बाय?"