चौथी वायर
रविवारी सकाळी कॉम्प्युटरचा माऊस हलेना, कीबोर्ड चालेना, कॅमेऱ्याचा दिवाही लागेना, तेव्हा धर्माने आपल्या साध्या मोबाइलवरून पनवेलच्या मुलाला फोन लावला. संध्याकाळी नातीचा वाढदिवस होता आणि केक कापताना तिला बघायची तेवढीच एक सोय घरात होती. “बाबा, खाऱ्या हवेनं एखादी वायर सडली असंल. एक खराब वायर लावलेली असली तरी सगले पोर्ट बंद पडतात. आधी सगल्या काढ, मशीन बंद करून चालू कर, मंग एकेक लाव.” धर्माने माऊस काढला, कीबोर्ड काढला, कॅमेरा काढला. चौथ्या वायरचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. तिला त्याच्या बायकोचा, कमळचा फोन जोडलेला होता. मासेमारीहून परतताना आगरदांड्याच्या खाडीत बोट शिरली आणि रेंज मिळाली, की धर्मा आधी तिला फोन करायचा. म्हणून ती हा फोन चार्जिंगवरून कधीच काढत नसे. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, पण धर्मानेही तो काढला नव्हता. त्याच्या बटणांमध्ये मासळीचा एक खवला अजून चिकटलेला होता. पलीकडून मुलगा विचारत होता, “सगल्या काढल्यास ना? कायतरी जुनं र्‍हायलं असंल बघ, ते टाकून दे.” धर्माने कॅमेरा पुसला आणि कपाटात ठेवून दिला. “जुनं असं हितं काय न्हाय रं,” तो म्हणाला.