पाचवं ढेकूळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी झुंबरबाईनं नवी घागर पुसली आणि ती मांडायच्या जागी चार ढेकळं ठेवली. जेठ, आखाड, श्रावण, भादवा. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. जे ढेकूळ भिजलं त्या महिन्यात पाऊस. सगळ्या गावाची हीच रीत. झुंबरबाईनं मात्र इकडे तिकडे पाहिलं, पदराखालून पाचवं ढेकूळ काढलं आणि हळूच त्या चार ढेकळांच्या शेजारी सरकवलं. तेही कुठे, तर दाराच्या बाजूला. घरातली जमीन तिकडे उतरती होती. घागर पाझरली की पाणी तिकडेच धावणार. कौल देवाचा खरा, पण त्याला थोडा हातभार लावला तर काय बिघडतं?

"माय, हाई पाचवा महिना कोनता?" मागून सुकदेवनं विचारलं.

"तुना शे. इंजिनेरना!"

सुकदेव पोट धरून हसला. इंटरची परीक्षा देऊन तो नुकताच पुण्याहून घरी आला होता. निकाल लागायचा होता, आणि इंजिनियरिंग कॉलेजात त्याचं नाव लागतं की नाही, ते त्या निकालावर ठरणार होतं. इकडे धुळ्याच्या एका कापसाच्या जिनमधून कारकुनाची नोकरी चालून आली होती. जिनच्या शेठचा माणूस उद्या होय-नाही विचारायला येणार होता.

ओट्यावर बसलेल्या हिलाल आबांनी लेकाला हाक मारली. "खरं सांग, कितला आना आशा शे?" पिकाचा अंदाज आण्यात घ्यायची त्यांची जन्माची सवय.

"गणितमा सोळा आने, आबा. रसायनना पेपर काही चांगला गया नई. आनि आख्खा इलाखामातीन पोरं येतस. धरा आठ आने."

"आठ आनानं पीक," आबा पुटपुटले. "खावाले पुरस, इकाले नई. आनि इंजिनेर व्हईसन करशी काय तू?"

"पांझरावर बंधारा बांधसू. पूर ऊना तरी हालनार नई असा."

पुरानं फोडलेला बंधारा बुजवायला गावाबरोबर मातीच्या पाट्या वाहून आबांची पाठ वाकली होती. पोराचं बोलणं गोड लागत होतं. पण दारात आलेली नोकरी आठ आण्यांच्या आशेवर घालवायची, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. झुंबरबाईला ते तोंडावरून दिसत होतं. तिचा सगळा जीव त्या ढेकळात अडकला. उद्या ते ओलं निघालं की नवऱ्याच्या हातावरच ठेवायचं, म्हणजे बोलायला जागाच राहायची नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं दोघांच्या देखत घागर उचलली. आखाड चिंब. श्रावणही तसाच. भादवा ओलसर, जेठ अर्धामुर्धा.

पाचवं ढेकूळ कोरडं ठणठणीत.

झुंबरबाईला रडूच फुटलं. "उतारले ठेवं व्हतं मी! मंग पानी गयं कोठे?"

सुकदेव खाली वाकून बघायला लागला, आणि एकदम कान खाजवत म्हणाला, "माय, काल सांजले पानी दारकडे सरकाले लागनं व्हतं. दारपाशी ठेयेल आखाजीन्या सांजोऱ्या भिजतीन म्हनीसन मीच तठे बांध घाली दिधा."

खरंच. ढेकळाच्या अलीकडे मातीचा बोटभर उंच बांध होता, हातानं चांगला चोपून लिंपलेला.

"अरे मेल्या! तुनंच नशीब तू अडाई टाकं!"

आबा ओट्यावरून उठून आत आले. त्यांनी उकिडवं बसून बांधावर अंगठा दाबला, मग पुन्हा जोर देऊन दाबला. बांध हलला नाही. सगळी ओल त्याच्यापाशी येऊन थांबली होती. आबांना आधी नुसतं हसू आलं, मग ते हसतच सुटले.

"सुकदेव, जिनना मानूस ऊना का त्याले सांजोरी खावाले दे, आनि वाटे लाव."

"आनि हाई कोल्लं ऱ्हायनं त्यानं काय?" झुंबरबाईनं कोरडं ढेकूळ त्यांच्यापुढे धरलं. तिचे डोळे अजून वाहत होते.

"रडस काय, येडी?" आबा म्हणाले. "ज्याले पानी अडावनं शे, त्यानं ढेकूय वलं व्हयी कसं?"