एक पट्टी खाली

धाकट्या मुलाचं लग्न होऊन सून घरात आली, त्या वर्षीचा गुड फ्रायडे. मास्तर चर्चमध्ये चौथ्या बाकावर बसले होते आणि त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

त्या दिवशी ऑर्गन वाजत नाही. गुरुवारी त्याचं झाकण लावतात, ते शनिवारीच उघडतं. मधल्या काळात नुसत्या गळ्यावर गायचं. एकतीस वर्षं या दिवशी गायकांपुढे उभं राहून पहिला सूर मास्तरच देत आले होते. या वर्षी त्यांचा घसा असा बसला की दूधवाल्याला हाक मारायचीही चोरी. तेव्हा त्यांनी फादरांना शब्द दिला, सूर सून देईल, कमीजास्त झालं तर माझ्या नावावर. गायकांमधली शिंपीणबाई त्यावर म्हणालीच होती की मास्तरांनी सून आणली की घराणं काढलं?

आठवडाभर त्यांनी सुनेला घरी पेटीपुढे बसवून घोटून घेतलं होतं. काळी चार. पट्टी चढी होती, पण मास्तरांची होती. दिवसा ते वजनकाटे दुरुस्त करायचे. गुंजभर फरक त्यांना काट्यात खपत नसे, सुरात तर नाहीच. बोलायला बंदी म्हणून ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवत: पट्टी सोडायची नाही. सून मान डोलवायची.

लोक क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभे राहिले. त्या वेळचं गाणं बारा कडव्यांचं. सून पुढे झाली, डोळे मिटले आणि सूर दिला.

काळी तीन.

ठरलेल्यापेक्षा एक पट्टी खाली. घोटून घोटून घेतलेलं पोरीने ऐन वेळी घालवलं होतं. शिंपीणबाईने आधी सुनेकडे पाहिलं, मग मान वळवून थेट मास्तरांकडे. उठून सूर सावरावा तर गळा नाही, खूण करावी तर सुनेचे डोळे मिटलेले. एकतीस वर्षांची अब्रू बारा कडव्यांत जाणार, आणि तीही घरच्याच माणसाच्या हातून. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

दुसऱ्या कडव्याला कुठूनतरी घरघर ऐकू येऊ लागली. त्यांना वाटलं, पंखा बिघडला. मग कळलं की ती शेजारून येत होती. शेजारी म्हातारा नळवाला होता. तो याच बाकावर तितकीच वर्षं बसत आला होता आणि गाणं सुरू झालं की ओठ मिटून पुढच्याच्या मानेकडे बघत राहायचा. मास्तर मनातल्या मनात त्याला दगड म्हणत. आज दगड गात होता.

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. कडवं संपलं तसा तो त्यांच्या कानाशी वाकला.

"आज पोचतंय, मास्तर. इतकी वर्षं शिडी लागायची."

मास्तरांनी मान वळवली. काठी टेकून रांगेत उभ्या असलेल्या दोघी बहिणी गात होत्या. दाराजवळचा वॉचमन गात होता. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, भिंतीला टेकलेले बाप्ये, सगळे गात होते. दरवर्षी सातव्या कडव्यापासून गायक दमायचे, गाणं खाली घसरायचं आणि मास्तर हात वर करकरून ते ओढून धरायचे. आज सातवं गेलं, दहावं गेलं, गाणं तिथंच. शेवटच्या कडव्याला त्यांना राहवेना. आज वाद्य वाजवायचं नसतं हे विसरून त्यांनी सूर तपासायचा काटा खिशातून काढला, गुडघ्यावर ठोकला आणि कानाशी धरून मोजलं. काळी तीन. केसभरही हललेली नव्हती.

बाहेर अंगणात शिंपीणबाईने फादरांना गाठलं होतं. पट्टी पडली आज, मास्तर उभे असते तर पडली नसती, असं ती सांगत होती. फादरांनी मास्तरांकडे पाहिलं. सून बाजूला उभी होती, अंगठ्याने बोटं मोजत. मीच सांगितलं होतं, एवढं मास्तरांनी म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. मास्तरांनी सुनेलाच विचारलं, नुसत्या हवेच्या आवाजात.

"का गं?"

"छातीच्या वॉर्डात नर्स आहे मी, बाबा. पुढच्या चार बाकांवरचे निम्मे माझेच पेशंट. कुणाचा श्वास कुठवर जातो ते मला ठाऊक आहे." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं."

ते खरंच होतं. मास्तर फादरांकडे वळले. डॉक्टरची बंदी त्यांनी तिथंच मोडली.

"पट्टी पडली नाही, फादर. तिने ठरवून घेतली. मी शिकवलेली नव्हे. मला एकतीस वर्षांत सुचली नाही."

हे बोलताना त्यांची मान अशी ताठ होती, जसं काही बक्षीस त्यांनाच मिळालंय. शिंपीणबाई म्हणाली, घ्या, घराणं निघालंच. आणि स्वतःच हसली.

ईस्टर झाल्यावर मास्तर वही आणि पेन्सिल घेऊन बसले. वहीत दोनशे चौदा गाणी होती. प्रत्येकाच्या डोक्यावरची पट्टी त्यांनी एका रेघेने खोडली आणि शेजारी एक पट्टी खालची लिहिली. कुणी विचारलं तर सांगत, अक्षर माझं आहे, कान सुनेचे.

मास्तर त्यानंतर चौथ्या वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, दुपारी वारले. नळवाला त्यांच्या कितीतरी आधी गेला होता, त्या गुड फ्रायडेच्याच वर्षी, ऑगस्टच्या तीन तारखेला. तोवर तो सतरा रविवार गायला.