चवीची बशी

बरणीतला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, तोच होता; डाव तोच, गाळणी तीच, नळही तोच; तरी तोमिएच्या हातचे सूप महिन्यागणिक खारट होत चालले होते.

तिची मुलगी सायोको मात्सुमोतो शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पाण्यातले क्षार मोजण्याचे काम करी. 'मला वाटते' हे शब्द तिला खपत नसत. माहेरी आल्यावर तिने क्षारमापक वडिलांच्या वाटीत बुडवला. आकडा मागच्या खेपेच्या दीडपट होता. मिसो घातल्याचे आई विसरते आणि पुन्हा घालते, असा निष्कर्ष तिने काढला आणि स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची वेळ घेतली. निदान झाले, तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचे, हेही वडिलांशी बोलून ठरले.

"येते मी तपासणीला," तोमिए शांतपणे म्हणाली. "विसरत असेन. वय झालं आता."

सायोकोला ही कबुली फार स्वस्त वाटली. तपासणीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

रात्री भिजवलेली कोम्बू या समुद्री शेवाळाची पट्टी तोमिएने उकळी फुटण्याआधी बाहेर काढली. सुक्या माशाचे काप टाकून पाणी गाळले. तोफू सोडला. आच मंद करून गाळणीत मिसो विरघळवला, मोजून, एकदाच. कुठे काही चुकले नाही. मग तिने घोटभर सूप बशीत घेऊन नवऱ्यापुढे ठेवले.

ही बशी लग्नाइतकीच जुनी होती. नवी नवरी माहेरच्या काळ्या मिसोची सवय घेऊन आली, तेव्हा सासूने बजावले होते, "या घराची चव शिगेनोरीच्या जिभेवर आहे. त्याला विचारल्याशिवाय वाढायचं नाही." सासू गेली, बशी राहिली.

शिगेनोरीने वर्तमानपत्रावरून नजर न हलवता घोट घेतला. "अगं, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"बघते हं," म्हणत तोमिएने आणखी डावभर मिसो विरघळवला. बशी पुन्हा गेली.

"आत्ता कसं जमलं," तो म्हणाला. "तुला रोज शिकवावं लागतं."

तोमिएने वाट्या भरल्या. पाठमोरी होऊन तिने स्वतःच्या वाटीत किटलीतले गरम पाणी ओतले. सायोको पुढे झाली आणि तिने क्षारमापक त्या वाटीत धरला. आकडा पूर्वी या घरात येई तोच होता.

"आई, तुला खारट लागतंय."

"हळू बोल." तोमिएने बैठकीकडे पाहिले. "उभा जन्म त्या जिभेचा तोरा मिरवलाय त्यांनी. ती गेली हे कळलं तर खचतील. मला विसरभोळी म्हणा की, माझं काय जातं?"

"वृद्धाश्रमात जाणार होतीस तू."

"तिथलं सूप अळणी असतं म्हणे," तोमिए म्हणाली. "तेवढीच जिभेला विश्रांती."

सायोकोने दवाखान्याला फोन केला. वेळ तीच ठेवली. रुग्णाचे नाव बदलले आणि तक्रारीच्या जागी सांगितले: वडिलांना खारट चव कळत नाही.