उपवासाचा रस

झाडाखाली पडलेली, अळ्या वळवळणारी सफरचंदं शेजारच्या पॉलीनने न धुताच चरकात घातली. कुंपणाआडून पाहणाऱ्या वरदाला शिसारी आली. वर पॉलीनने रसाची एक बाटली प्रेमाने तिच्या हातात ठेवली. "सो लव्हली!" म्हणत वरदाने ती दोन बोटांत धरून घरात आणली आणि "घरचा रस आहे, उपवासाला चालतो," असं सांगून त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या, चैत्रालीच्या गळ्यात मारली.

पुढच्या संकष्टीला चैत्रालीने तिला घरी बोलावलं. सकाळपासून उपाशी असलेल्या वरदाने पुढ्यात आलेला रसाचा ग्लास घटाघटा रिकामा केला.

"काय गं, जिभेला मस्त चुरचुरतोय! कुठून आणलास?"



"अगं, तूच नाही का दिलास? तळाचा गाळसुद्धा ढवळून तुझ्याच ग्लासात घातलाय, वाया कशाला घालवायचा!"