जाईबाईचं मत

जाईबाईने हातोडा खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुठं निघालीस?" खाणीचा कंत्राटदार मधुकरशेठ ओरडला.

"मत टाकायला."

"तुझं नाव तिकडं गावाला. तुमचं कुणाचंच इथं नाही. दर इलेक्शनला तेच काय सांगायचं? काम कर!"

मार्च पंच्याऐंशीची गोष्ट. बेलापूर मतदारसंघात विधानसभेचं मतदान होतं, पण नेरूळच्या डोंगरातल्या या खाणीला सुट्टी नव्हती. जाईबाई नांदेडकडची. दुष्काळात नवऱ्यासोबत आली. नवरा याच खाणीत सुरुंगाने गेला, ती दगड फोडत राहिली. मतदारसंघ नवा झाल्यापासून दोनदा निवडणूक झाली. दोन्ही वेळा शेठने हेच सांगितलं आणि वस्तीने ते खरं मानलं. पण परवा विहारात एक मास्तर सांगून गेले होते, जो जिथं राहतो त्याचं मत तिथंच. बाबासाहेबांनी मिळवून दिलंय, वाया घालवू नका.

"नाव नसलं तर माघारी येते. पर बगून येते," जाईबाई म्हणाली.

"मग उद्यापासून येऊच नकोस!"

तिचं पोट याच खाणीवर होतं. तरी ती चालू लागली.

मागे हातोडा पडल्याचा आवाज झाला. मारोतीचा. मग रखमाचा. मग किती पडले, कुणी मोजलं नाही. दगड टाकायला माणूसच उरला नाही, तशी खडीची मशीन नुसतीच घरघरली आणि बंद पडली. सगळा डोंगर गप्प झाला.

धुळीने पांढरी झालेली माणसं रस्त्याने निघाली. शेठची जीप त्यांना मागे टाकून सुसाट गेली.

मतदान होतं त्या शाळेच्या फाटकाशी जाईबाई पोचली, तेव्हा शेठ रांगेतल्या काही अनोळखी बायामाणसांना हाताला धरून बाहेर ओढत होता, जीपमध्ये कोंबत होता. जाईबाईला काही कळेना. ती रांगेत उभी राहिली.

आत यादीत तिचं नाव निघालं. ती तशीच दाराशी धावली. "या रं समदे! नावं हायेत आपली!"

बाहेर एकच गलका उठला.

शाई लावायला सुचित्राताई बसल्या होत्या, वाशीच्या शिक्षिका. जाईबाईच्या बोटावरची धूळ पुसत त्या कौतुकाने म्हणाल्या, "खाणवस्तीतल्या ना तुम्ही? मागच्या दोन्ही वेळा माझी ड्यूटी इथंच होती. सगळ्यात जास्त मतदान तुमच्याच वस्तीचं!"

जाईबाईने खिडकीतून बाहेर पाहिलं. भरलेली जीप घाईघाईने वळत होती. शेठची नजर तिच्या नजरेला भिडली आणि खाली गेली.

ती वळली. शाई लावलेलं बोट वर धरून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"बाई, दोन्ही बारीला जाईबाईचं मत आलं आसंल. जाईबाई आज आलीया."